मनाचं विचारायला शिकले त्याची गोष्ट

मी आशा कार्यकर्ती आहे, परभणी जिल्ह्यात, २०११ पासून. माझ्याकडं निम्मं गाव येतं, अकराशेच्या आसपास लोकं, दोनशे बारा घरं. लसीकरण, गरोदर बायांची नोंदणी, बाळंतपणाला रात्रीबेरात्री सोबत जाणं, टीबीच्या गोळ्या समोर बसून खायला लावणं, हे आशाचं काम सगळ्यांना माहितीये. मनाच्या आजाराचं काम पण आम्ही करतो हे फार कमी जणांना माहितीये आणि ते मी कसं शिकले ते लिहून ठेवावं असं लई दिवस डोक्यात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची पण नाही, आणि ज्यांचं सांगतेय त्यांना विचारून सांगतेय.

आधी आमच्या घरातलं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. २०१५ ला माझ्या धाकट्या दिरानं जीव दिला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, सोयाबीन शेंगा भरायच्या आधीच वाळलं, बोअर आटलेली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं बघा, तोच दुष्काळ. भाऊजी एकतीस वर्षांचे होते, दोन लेकरं. ते गेल्यावर तलाठी आले, पोलीस आले, पंचनामा झाला, सातबारा कुणाच्या नावावर, सोसायटीचं किती, बँकेचं किती, सावकाराचं काही आहे का, सरकारी मदतीला केस पात्र का अपात्र, सगळं विचारून झालं. पण त्याआधीचे दोन-अडीच महिने भाऊजी रात्र रात्र ओट्यावर बसून राहायचे, ताटातली भाकर मोडून तशीच ठेवून उठायचे, लहान्याला जवळ घेणं बंद केलं होतं, हे कुठल्याच कागदावर आलं नाही कारण ते कुणी विचारलंच नाही. मला दिसत होतं. गावातलं कुठलं बाळ किती किलोचं आहे हे मला तोंडपाठ, आणि घरातला माणूस झोपत नाहीये हे दिसत असून मी विचारलं नाही, कारण विचारायचं काय आणि विचारून पुढं करायचं काय हेच माहिती नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, त्याला घोर लागलाय, पाऊस पडला की होईल नीट.

भाऊजींचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तालुक्याला ट्रेनिंगचा निरोप आला. शासनानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला होता, त्यात आशांनी शेतकऱ्यांच्या घरोघर जायचं, प्रश्न विचारून कुणाच्या मनावर किती ताण आहे ते बघायचं आणि ज्याला गरज त्याला पुढं पाठवायचं, शिवाय १०४ नंबरला फोन लावून सल्ला घेता येतो. मी जायचं नाही म्हणत होते. आम्हा आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताई म्हणल्या, तू ये, नुसती बस.

तिथं जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरांनी फळ्यावर लक्षणं लिहिली. झोप न लागणं किंवा पहाटे तीनलाच जाग येणं, भूक मरणं, जी गोष्ट आवडायची तिच्यात मन न लागणं, माणसांत न मिसळणं, आपण घरावर ओझं आहोत असं बोलून दाखवणं. मी वहीत उतरवून घेत होते आणि चौथ्या ओळीला माझा पेन थांबला, कारण ती यादी भाऊजींची होती. एकेक ओळ. मी उठून बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले, ताई मागून आल्या आणि काही न बोलता शेजारी उभ्या राहिल्या, पाच-दहा मिनिटं. नंतर आत गेल्यावर डॉक्टरांना मी एकच विचारलं, की हे आधी कळलं असतं तर माणूस वाचतो का. ते म्हणाले, सगळेच वाचतात असं नाही सांगता येणार, पण पुष्कळ वाचतात, आणि कर्ज तेवढंच असताना वाचतात. हे वाक्य मी वहीत लिहिलंय, अजून ती वही आहे. कर्ज खोटं नव्हतं, पाऊस नव्हता तो पण खोटा नव्हता, पण कर्ज असलेली शंभर माणसं गावात होती आणि त्यातल्या कुणाची झोप उडालीय, कुणाचं जेवण तुटलंय हे बघणारं एक पण माणूस नव्हतं.

मग सर्वे सुरू केला. पहिला राउंड साफ वाया गेला. मी फॉर्म घेऊन दारात उभी राहायचे आणि छापलंय तसं वाचायचे, तुम्हाला उदास वाटते का, निराश वाटते का. लोक म्हणायचे नाही. काही जण चिडायचे, "आशाताई, आमी काय येडे हाव का?" एका घरातनं तर मला सांगून टाकलं की असलं विचारायला परत यायचं नाही, लेकीची सोयरीक जुळत आलीय, कुणी ऐकलं तर मोडंल. दोनशे बारा घरांमधून मला दोन नावं मिळाली. त्यातला एक पोरगा ज्याला घरात बांधून ठेवलेलं होतं, आणि एक म्हातारी जी एस्टी स्टँडवर एकटीच बोलत बसायची. म्हणजे जे सगळ्या गावाला आधीच माहिती होतं तेवढंच मी लिहून आणलं.

नंतरच्या एका ट्रेनिंगला सांगितलं की बंगळूरच्या निम्हान्सनं, म्हणजे मनाच्या आजारांवरच्या मोठ्या सरकारी संस्थेनं, २०१५-१६ ला देशभर सर्वे केला त्यात १०.६ टक्के मोठ्या माणसांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मी तिथंच रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब केला. माझ्याकडं अठराच्या वरची लोकं सातशेच्या पुढं, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर माणसं. माझ्या यादीत दोन. बाकीची सत्तर माझ्याच रोजच्या रस्त्यावर होती आणि मी त्यांना हाक मारून पुढं जात होते.

इथं मला मदत झाली ती जिल्ह्याच्या समुपदेशक मॅडमची. त्यांना मी म्हणलं की लोक खोटं बोलतात. त्या म्हणल्या, खोटं नाही बोलत, तुमचा शब्द त्यांचा नाहीये. उदास हा शब्द तुम्ही घरात कधी वापरता का? मी विचार केला, खरंच, आमच्या घरात आजपर्यंत कुणी म्हणलेलं नाही की मला उदास वाटतंय. मग त्यांनी काम दिलं, महिनाभर फॉर्म पिशवीतच ठेवा, नुसतं ऐका आणि बाया काय म्हणतात ते लिहून आणा. मी हापशावर, दळणाच्या गिरणीत, कापूस वेचायला गेल्यावर, कान देऊन ऐकायला लागले. जीव घाबरतो. छातीत धडधडतं. डोक्यात लई इचार येतात. डोळ्याला डोळा लागत नाही. कशात मन लागत नाही. अंगातला जीव गेल्यावानी होतंय. हातपाय गळाल्यात. डोकं बधिर झालंय. घोर लागलाय. टेन्शन आलंय. नको नको झालंय. चार पानं भरली. सगळं मनाचंच होतं फक्त ते अंगाच्या नावानं सांगितलं जात होतं आणि अंगाचं म्हणून बाया सलाईन लावून घेत होत्या. अशक्तपणा आलाय म्हणून दोन-तीन महिन्याला एक सलाईन, शंभर दोनशे रुपये जातात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

मग मी विचारायची पद्धतच बदलली. आधी बसायचं, चहा नको म्हणायचं नाही. मग झोपेचं विचारायचं. झोपेचं विचारलं तर कुणी चिडत नाही हे माझं पक्कं मत झालंय, राजा असो नाहीतर भिकारी, झोप लागते का म्हणलं की माणूस सांगायला लागतो. मग जेवणाचं. मग, कशात मन लागतं का. आणि मग शेवटचा प्रश्न, तो विचारायला मला सहा महिने लागले. जगून काय करायचं असं मनात येतं का, जीवाचं काही करून घ्यावं असं येतं का.

ट्रेनिंगला सांगितलं होतं की असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. ऐकलं होतं, पटलं नव्हतं. भाऊजींच्या नंतर तर तो शब्द तोंडातून काढायची भीती वाटायची. पहिल्यांदा विचारलं ते आमच्या बचत गटातल्या एका वहिनींना. त्यांची दुसरी मुलगी झाल्यापासून आठ महिने त्या कुठं येत नव्हत्या, हप्ता पोराच्या हाती पाठवायच्या. मी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग घाबरत घाबरत ते विचारलं. वहिनी बराच वेळ भिंतीकडं बघत बसल्या आणि म्हणल्या, "रोज येतं." आणि मग म्हणल्या, "तुमीच पयल्या इचारल्या." एवढं बोलून त्या इतक्या रडल्या की मला वाटलं मी काहीतरी चुकीचं केलं. तासाभरानं त्यांनी स्वतः उठून तोंड धुतलं, चूल पेटवली आणि मला थांबा म्हणल्या.

त्या दिवशी मी त्यांना एकटं सोडलं नाही. त्यांना विचारूनच त्यांच्या नणंदेला बोलावून घेतलं, रात्री ती जवळ झोपली, मी १०४ ला फोन लावून काय काय बघायचं ते विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं जिल्ह्याला नेलं. डॉक्टरांनी नीट अर्धा तास ऐकून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचं एक लक्षात ठेवायला लागतं, आणि हे मी आता प्रत्येक घरात दहादा सांगते, की ताप उतरायच्या गोळीसारखी ही दुसऱ्या दिवशी लागू होत नाही, दोन-तीन आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात तर मळमळ, डोकं जड, असलंच जास्त होतं. बरोबर त्याच आठवड्यात माणूस गोळी सोडतो आणि म्हणतो काही फरक नाही. आणि बरं वाटलं की लगेच सोडतो ते दुसरं. म्हणून मी वहिनींकडं पहिले वीस दिवस रोज गेले, पाच मिनिटं का होईना. विसाव्या-बाविसाव्या दिवशी गेले तर पोरीला तेल लावत बसल्या होत्या आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होत्या. मी दारातूनच परत फिरले, आत गेले नाही.

शेजारपाजारचे काय काय म्हणले ते पण सांगते. झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागंल. येड्याच्या डॉक्टरकडं नेलंय. बाहेरचं झालंय, असं गोळीनं जात नसतं. यातलं सवयीचं मी डॉक्टरांना पाच वेळा विचारून घेतलं कारण मला स्वतःला खात्री पाहिजे होती. त्यांनी सांगितलं की वहिनींच्या गोळ्या सवय लागणाऱ्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात, फक्त आपल्या मनानं एकदम तोडायच्या नाहीत. वहिनींच्या वर्षभरानं बंद झाल्या.

आता त्या पोराचं. त्याला कॉलेजात असताना आवाज ऐकू यायला लागले, कुणीतरी मारायला टपलंय असं वाटायचं, एकदा शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला म्हणून घरच्यांनी मागच्या खोलीत साखळीनं बांधला. चार वर्षं. त्याचे वडील मला सासरच्या नात्यानं मामा लागतात. मामा वाईट माणूस नाही हे मला आवर्जून लिहायचंय. रोज स्वतः त्याला अंघोळ घालायचे, साखळीच्या कडीला फडकं गुंडाळायचे की पायाला घासू नये. एका ठिकाणी अकरा अमावस्या नेला, तिथं मारलं पण त्याला, आणि मामा परत येऊन ओट्यावर रडत बसले होते. मी त्यांना सांगितलं की मारून भूत उतरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि बांधून ठेवायला पण २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाई आहे, २०१८ पासून तो लागू झालाय. मामा म्हणले, "कायदा रातच्याला त्याला धरायला येतो का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायदा सांगून मी त्यांना अजून घाबरवलं होतं, बस्स. पुढचे दोन महिने त्यांनी मला घरात घेतलं नाही.

नंतर मी देवाचा विषयच काढला नाही. मामांना म्हणलं, देवाचं करताय ते करा, गोळी पण देऊ, दोन्ही चालू द्या. आणि पोराला नेऊ नका, आधी तुम्ही चला, डॉक्टरांना नुसतं सांगा. ते आले. डॉक्टरांनी साखळीबद्दल एक शब्द रागाचा काढला नाही, विचारलं की तुम्ही स्वतः कितव्या तासाला झोपता. मामांना कुणी हे चार वर्षांत विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पोराला जीपमधून नेलं. गोळ्या लागू व्हायला वेळ लागला, मधे हात थरथरायला लागले, जीभ जड, ते थांबायला अजून एक गोळी, वजन वाढलं. दोन महिन्यांनी साखळी रात्रीपुरती राहिली. पाचव्या महिन्यात मामांनी ती काढून गोठ्यात म्हशीला वापरली. कायद्याचा जोर होता म्हणून नाही, पोरगा रात्री झोपायला लागला म्हणून निघाली.

पण हे काम एकदा होऊन संपत नाही, तेच अवघड आहे. महिन्याला गोळ्या आणायच्या तर दोन एस्ट्या, जायचा दिवस, रोजगार बुडतो, आणि कधी कधी सरकारी खिडकीवर एखादी गोळी नसते मग बाहेरून घ्या म्हणतात. पुढं तालुक्याला महिन्यातून एकदा डॉक्टरांची टीम यायला लागली त्यामुळं बरंच सोपं झालं, मी पाच-सहा जणांची कार्डं घेऊन एकत्रच सगळ्यांना नेते. २०२४ च्या सुरुवातीला आम्हा आशांचा संप होता, जानेवारीत सुरू झाला तो लांबतच गेला. संप बरोबर होता, अजून म्हणते, आम्ही पोटासाठी बसलो होतो. पण त्या काळात मी मामांकडं गेले नाही, त्यांना वाटलं पोरगा बरा आहे, गोळ्या संपल्या त्या आणल्या नाहीत, आणि फेब्रुवारीत त्याला पुन्हा आवाज यायला लागले. मला कळल्यावर रात्रभर झोप आली नाही. तेव्हापासून ठरवलं की हे एकट्या आशावर ठेवायचंच नाही. आता गोळ्यांची तारीख तीन माणसांना माहिती असते, घरचं एक, शेजारचं एक आणि मेडिकलवाला पोरगा, तो फोन करून आठवण करतो. मामांचा पोरगा सावरला, वेळ लागला. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं, चाळीस टक्क्यांच्या वर आलं, संजय गांधी निराधारचा अर्ज झाला. तो आता स्वतः दूध घालायला डेअरीवर जातो.

डेअरीवरचं सांगायलाच पाहिजे. सुरुवातीला तो रांगेत उभा राहिला की माणसं दोन हात लांब सरकायची. डेअरीवाल्या भाऊंनी काहीच भाषण केलं नाही, फक्त रोज त्याला नावानं हाक मारून फॅट किती लागलं ते सांगायला सुरुवात केली, बाकीच्यांना सांगतात तसं. महिनाभरात रांग नीट झाली. मी गावात दहा सभा घेतल्या असतील, पण डेअरीवर जे झालं ते माझ्या एका पण सभेत झालं नाही.

सभांचं म्हणलं तर, बचत गटाच्या मीटिंगला हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं मनाचं बोलायचं हे आम्ही ठेवलंय. पहिल्या वेळी कुणी बोललं नाही, दुसऱ्या वेळी पण नाही. तिसऱ्या वेळी त्या वहिनी उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणल्या, मी वर्षभर मनाच्या गोळ्या खाल्ल्या, माझी लेक आज माझ्यामुळं आईवाली हाय. खाली बसल्या. त्या महिन्यात माझ्याकडं सात बाया आपणहून आल्या. मी पाच वर्षं जे फॉर्म घेऊन फिरले त्याच्यापेक्षा ते एक वाक्य जास्त चाललं.

पुरुषांचं मात्र अवघड आहे. मी गावची सून, थोरल्या माणसांपुढं बसून झोप लागते का विचारणं जमत नाही, आणि ते सांगणार पण नाहीत. यात आम्हाला सलूनवाले भाऊ सापडले. दाढी करताना माणूस बोलतो. त्यांना आम्ही काही शिकवलं नाही जास्त, एवढंच सांगितलं की कुणी फार दिवस आला नाही, कुणाचं बोलणं तुटक झालं, कुणी जमिनीची, लेकराची सोय लावून ठेवल्यासारखं बोलायला लागला, तर हसण्यावारी न्यायचं नाही, आम्हाला कळवायचं आणि त्या माणसाजवळ बसायचं. त्यांनी आतापर्यंत चार जणांचं कळवलंय. आणि सप्ताहात आलेल्या कीर्तनकार महाराजांना आमच्या सरपंचांनी विनंती केली तेव्हा त्यांनी कीर्तनात दहा मिनिटं यावर घेतली, की शरीराला वैद्य चालतो मग मनाला का नाही. दुसऱ्या दिवशी पारावर म्हातारी माणसं तेच बोलत होती. माझ्या तोंडून हे शंभर वेळा ऐकलं होतं त्यांनी, पण ठीक आहे, कुणाच्या का तोंडून होईना.

२०२२ च्या १० ऑक्टोबरला केंद्र सरकारचं टेली-मानस सुरू झालं, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी तो नंबर शाळेच्या भिंतीवर, डेअरीवर, सलूनमध्ये, पाण्याच्या टाकीवर रंगवून घेतला. एका रात्री साडेअकराला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराच्या बहिणीचा मला फोन, दादा दार लावून बसलाय, बोलत नाही. मी आणि मिस्टर गेलो. दारापाशी बसूनच मी नंबर लावला, फोन स्पीकरवर दाराच्या फटीजवळ ठेवला, पलीकडच्या बाई इतक्या शांत बोलत होत्या, अजिबात घाई नाही, नाव विचारलं, आज काय खाल्लं विचारलं. अर्ध्या तासानं त्यानं दार उघडलं आणि फोन हातात घेऊन आत गेला, दार उघडंच ठेवून. तो तिसऱ्यांदा भरतीत राहिला होता. अजून एक भीती त्याच्या आईला होती, डॉक्टरकडं नेलं आणि हे सांगितलं तर पोलीस केस होईल, मग भरती कायमची गेली. गावात ही भीती लई जणांना आहे आणि तिच्यापायी लोक दवाखान्यात नेत नाहीत. मी सांगितलं की मनात विचार आले म्हणून कधीच केस होत नव्हती, आणि कुणी प्रयत्न केला तरी तो माणूस तणावाखाली होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं त्या २०१७ च्या कायद्यात लिहिलंय. हा कायदा मात्र इथं कामाला आला.

आता शेवटचं, जे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म आम्ही भरतो, त्याला सीबॅक म्हणतो, बीपी, शुगर, तंबाखू, कॅन्सरची लक्षणं असं विचारायचं असतं आणि त्यात मनाचे पण दोन प्रश्न आलेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही असं किती दिवस झालं, आणि खचल्यासारखं, काही आशा नाही असं किती दिवस वाटलं. शून्य ते तीन मार्क, दोन्हीचे मिळून तीनच्या वर गेले की पुढं पाठवायचं. मी हे दोनशे अकरा घरांत विचारलं होतं. आमच्या घराचा फॉर्म मी दर वेळी स्वतःच बसून भरायचे, सासूबाईंच्या पुढं शून्य शून्य लिहायचे. लेक गेला त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि त्या आठ वर्षांत आमच्या घरात त्याचं नाव मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं.

२०२३ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या मातीचे बैल रंगवत बसल्या होत्या नातवासाठी, भाऊजींच्या लहान्यासाठी. मी फॉर्म घेऊन शेजारी बसले आणि म्हणलं, आत्याबाई, सगळ्या गावाला विचारते, आज तुमाला विचारते. झोप कशी लागते? त्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणल्या, "तवापासून कुठं झोपले मी." मग त्या बोलल्या, दिवे लागायची वेळ होईपर्यंत. मला वाटायचं त्या मला दोष देत असतील, मी आरोग्याची असून बघितलं नाही म्हणून. त्यांना वाटायचं मी त्यांना दोष देते, आई असून पाऊस पडला की होईल नीट म्हणल्या म्हणून. आठ वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. फॉर्मवर सहा मार्क आले.

पुढच्या मंगळवारी त्यांना तालुक्याला नेलं. एस्टी स्टँडवर एका बाईनं विचारलं, काय हो, सासू-सुना कुठं? मी उत्तर शोधत होते तेवढ्यात आत्याबाईच म्हणल्या, "दवाखान्यात, मनाचं दाखवायला." त्या बाई नुसत्या बघत राहिल्या आणि एस्टीत आमच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या, आणि अर्ध्या वाटेत हळूच म्हणल्या की त्यांच्या भावाला पण असं असं होतंय.

रजिस्टरमध्ये आता त्रेचाळीस नावं आहेत. त्यातली एकोणीस बरी होऊन बंद झाली, दोघं गाव सोडून गेले त्यांचं पुढं कळलं नाही, तिघांनी उपचार नको म्हणून सोडले, बाकीचे चालू आहेत. सत्तर-पंचाहत्तरचा हिशोब अजून पूर्ण झालेला नाही. आणि वेशीजवळ एक मोठं घर आहे, तिथली मुलगी दोन वर्षं झाली बाहेर दिसलेली नाही. आमच्यात असलं काही नसतं म्हणतात. मी त्यांच्याकडं लहान्याच्या डोसचं निमित्त करून जाते, बसते, झोपेचं विचारते, ते छान लागते म्हणतात. मागच्या महिन्यात निघताना ती पोरगी आतल्या दारातून दिसली, पडद्यामागं उभी होती. मला म्हणाली, "आशाताई, पुढच्या बारीला कधी येणार?" मी तारीख सांगितली. येत्या गुरुवारी आहे.